लोकार्पणाआधी झोका वापरू नये

अन्याय झाला तो माझ्या मुलीवर आणि तिच्या बापावर. मुलगी दोन वर्षं दोन महिन्यांची, बाप शेंद्र्याच्या एका कारखान्यात कामाला. वेळ रविवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांपासून दुपारी पाऊण वाजेपर्यंत. ठिकाण आमच्या कॉलनीतली बाग. पत्रकात हे सगळ्यात आधी लिहायचं असतं म्हणून लिहिलं. पत्रकं मी कॉलेजात असल्यापासून लिहिते. पाणी, रस्ता, ड्रेनेज, दिवाबत्ती. माझी भाषा त्यातच घडली, आणि या प्रकरणात त्या भाषेनं काय दिवा लावला तेही सांगणार आहे. लपवणार नाही.

नवऱ्याला कंपनीनं सहा महिन्यांसाठी परराज्यातल्या कारखान्यात पाठवायचं ठरवलं होतं. रविवारी दुपारी सव्वाचारची गाडी. शनिवारची सुट्टी त्यानं हात जोडून मागून घेतली. दोन दिवस फक्त पोरीसोबत राहायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. आणि तिला त्यानं एकच गोष्ट कबूल केली होती. बागेत नवा झोका बसलाय, त्यात तुला बसवणार आणि मागून मी ढकलणार. झोका म्हणजे ती लहान पोरांची टोपली असते ना, पाय घालायला दोन भोकं असलेली, तसला. पोरगी अंगानं भरलेली. आत्ताच जेमतेम मावेल अशी. सहा महिन्यांनी बाप परत येईल तेव्हा तिच्या मांड्या त्या भोकांतून जाणार नाहीत, हे आम्हा दोघांनाही न बोलता कळत होतं.

शनिवार गेला पाण्यात. मासिकांतून मुलांसोबत सुट्टी कशी घालवावी यावर पानंच्या पानं येतात. चित्रं काढा, केक करा, मुलांशी डोळ्यांत बघून बोला. लिहिणाऱ्यांच्या नळाला रोज पाणी येत असावं. आमच्या शहरात सुट्टी कॅलेंडरवर नसते, नळावर असते. किती दिवसांनी येईल ते कुणी सांगत नाही, आलं की सगळं सोडून धावायचं. शनिवारी सकाळी सातला आलं. मग ड्रम, टाकी, बादल्या, पातेली, कुकर, पोरीचा दूध प्यायचा पेलासुद्धा. नवरा ड्रम भरायचा आणि पोरगी मगानं त्यातलं पाणी काढून फरशीवर ओतायची. मी ओरडले तर तो म्हणाला, "ओतू दे की. तिची पण शिफ्ट चालू हाय."

मग त्यानं तिला घमेल्यात बसवलं आणि घमेलं अंगणभर ढकलत नेलं. शेजारच्या खाला भिंतीवरून पाइप ओढून घेत होत्या. त्यांनी डोकं वर काढलं.

"क्या गे, बच्ची को पानी में कायको बिठाई? सर्दी हुई तो?"

"खाला, मी नाही बसवलं. हिच्या बापाला विचारा."

"बाप क्या बोलता? बाप खुदच बच्चा है."

नवरा हसला आणि म्हणाला, "हौ खाला, आज के दिन रहने दो."

शनिवारचं एवढंच. मला तो दिवस आवडला, हे इथं नोंदवून ठेवते, कारण पुढं मी कुणाविषयीच बरं लिहिणार नाही.

रविवारी नऊ वाजून दहा मिनिटांनी आम्ही बागेच्या फाटकात. झोका होता. पण त्याच्यावर प्लास्टिक गुंडाळलेलं, प्लास्टिकवर झेंडूचा हार, आणि दोन्ही खांबांना मिळून लाल फीत. शेजारी पुठ्ठ्याची पाटी, स्केचपेननं लिहिलेली: लोकार्पणाआधी झोका वापरू नये.

पोरीनं हार बघितला. बापाच्या कडेवरूनच दोन्ही हात जोडले आणि म्हणाली, "बाप्पा."

मी हसले नाही. दोन वर्षांच्या पोरीला जे एका नजरेत कळलं ते मोठ्यांना पटवताना माझी अर्धी उमर चाललीय. ही वस्तू वापरायची नाही, हिच्यापुढं हात जोडायचे.

वॉचमन खुर्चीवर बसून चहा पीत होता. "साहेब दहाला येणारेत. दहा मिनिटांचा कार्यक्रम. मग खेळवा दिवसभर."

दहा वाजले. साहेब आले नाहीत, मांडवाचे बांबू आले. साडेदहाला खुर्च्या आल्या. एक जण जमिनीवर चुन्याची फक्की ओढत होता, झोक्यापासून फाटकापर्यंत, जणू साहेबांची वाट चुकेल. दुसरा माइकमध्ये फुंकत होता. प्रत्येक फुंकरीला पोरगी दचकायची. बापानं तिला खांद्यावर बसवून बागेच्या सात फेऱ्या मारल्या. खडे वेचले. मुंगळ्यांच्या रांगेसोबत चालून झालं. पण फिरून फिरून पाय तिकडंच वळायचे. "झोता," ती म्हणायची. "बाबा, झोता."

अकराच्या सुमाराला नवरा माझ्या कानाशी म्हणाला, "गाठ सोडू का? पाच मिन्टं बसवतो, परत बांधतो. कुणाला कळतंय?"

मी म्हणाले, "नको. थांबा. रीतसर होऊ द्या." झोका मागायला दिलेल्या निवेदनावर पहिली सही माझी होती ना. उद्या कुणी म्हणायला नको की बाईनंच नियम मोडला.

त्यानं पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाला, "तुझ्या कागदापुढं माझं काय चालतंय."

म्हणून मग मी कागद घेऊन बसलेल्या माणसाकडं गेले. बागेची देखरेख करणारा कर्मचारी, काखेत फाइल. त्याला विचारलं की गुरुवारी बसवलेला झोका रविवारपर्यंत बांधून ठेवायचा हे कुठल्या नियमात बसतं. तो चिडला नाही. चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. त्यानं शांतपणे फाइल उघडली आणि त्यातलं आमचं निवेदन काढलं. जुन्या झोक्याच्या नुसत्या साखळ्या उरल्या होत्या, तेव्हा मी घरोघर फिरून सह्या घेतल्या होत्या, तेच.

"मॅडम, हे तुमचंच ना? शेवटची ओळ वाचतो. 'सदर खेळणी बसवून त्यांचे लवकरात लवकर लोकार्पण करण्यात यावे.' तुम्हीच मागितलंय. आता लोकार्पण न करता वापरू दिलं तर मागणी अर्धवट पूर्ण केली म्हणून परत तुम्हीच पत्रक काढणार."

ती ओळ लिहिताना मी बाकी काही विचार केला नव्हता. 'लोकार्पण' कागदावर वजनदार दिसतं, एवढंच. लोकांना अर्पण. जसं काही ते आधी दुसऱ्या कुणाचं होतं. खालांची सही घ्यायला गेले तेव्हा त्यांनी उर्दूत सही केली आणि पेन परत देताना विचारलं होतं, "ये लोकार्पन मतलब क्या?" मी म्हणाले, म्हणजे उद्घाटन, सुरू करणं. त्या म्हणाल्या, "तो फिर चालू करो बोलके लिखना था ना." मी हसून पुढच्या घरी गेले. शब्द मला येतात, त्यांना काय कळतंय, असं माझ्या चेहऱ्यावर नक्की असणार. बागेत त्या माणसानं फाइल मिटली तेव्हा मला खालांचं तोंड आठवलं आणि स्वतःची लाज वाटली. पण लाज वाटून गाठ सुटत नाही. ती सोडायला हात लागतात, आणि माझे हात निवेदनानं बांधलेले.

बारा वाजले. ऊन डोक्यावर. बाकीचे आईबाप पोरांना घेऊन जेवायला गेले. आमची रडून रडून सव्वाबाराला बापाच्या खांद्यावर झोपली. गालावर धूळ, धुळीत आसवांच्या रेघा, मुठीत वेचलेला एक खडा. नवरा सावलीत उभा. बसला असता तर ती जागी झाली असती, म्हणून उभाच.

साडेबाराला तीन गाड्या आल्या. साहेब उतरले. भाषणात बालगोपाळ आले, उद्याचे नागरिक आले, निरागस हास्य आलं. समोर खुर्च्यांवर त्यांच्याबरोबर आलेले लोक, वॉचमन आणि मी. तबकातून कात्री आली, फीत कापली, प्लास्टिक फाडलं. फोटोवाला म्हणाला, "झोक्यात एखादं लेकरू पाहिजे, साहेब." सगळ्यांनी इकडंतिकडं बघितलं. बागेत लेकरू एकच होतं.

तो फाइलवाला धावत आला. "ताई, उठवा की बाळाला. दोन मिनिटांचं काम आहे."

नवरा म्हणाला, "झोपलीय."

"अहो, तिच्यासाठीच तर आहे हे सगळं."

"व्हय? मग नऊ वाजता कुणासाठी होतं?"

एवढंच बोलला. आवाज चढवला नाही, पोरगी उठेल म्हणून. मी इतकी वर्षं पत्रकं लिहिते, पण इतकं नेमकं वाक्य माझ्याकडून झालेलं नाही.

लेकरू मिळेना म्हणून साहेबांनी रिकामा झोकाच ढकलला. कॅमेऱ्याकडं बघून हसत. रिकामी टोपली पुढं गेली, मागं आली, हार सटकून मातीत पडला. मोठा माणूस, इस्त्रीचे कपडे, रिकाम्या झोक्याला झोके देतोय आणि भोवती लोक टाळ्या वाजवतायत. गाड्या गेल्या. मी नवऱ्याला म्हणाले, आता उठवू या तिला. तेवढ्यात वॉचमननं शिट्टी मारली. बाग दुपारी बंद असते. चारला उघडते.

त्याची गाडी सव्वाचारची.

घरी आलो. तिला गादीवर टाकलं. त्यानं बॅग भरली, जेवला, आणि तिच्या पाठीवर हात ठेवून बसला. साडेतीनला ती उठली आणि पहिला शब्द तोच. त्यानं सांगितलं, "उद्या आईसंग जा." तिला 'उद्या' कळत नाही. रिक्षा आली, तो गेला.

त्या संध्याकाळी कॉलनीच्या ग्रुपवर फोटो आला. खाली लिहिलेलं: चिमुकल्यांच्या चेहऱ्यावर हसू. फोटोत सोळा माणसं मोजली मी, चिमुकलं एकही नाही. आणि खाली मलाच अभिनंदन. ताई, तुमच्या पाठपुराव्याला यश आलं. अंगठे, फुलं, जोडलेले हात. कुणालाही विचारावंसं वाटलं नाही की झोक्यात कोण बसलं.

सोमवारी मी आणि खाला तिला घेऊन गेलो. मावली, पण काढताना ओढावं लागलं. खालांनी ढकललं, ती खिदळली. नवऱ्याला व्हिडिओ पाठवला. त्याचं उत्तर आलं, "छान." दोन तासांनी आणखी एक: "हळू ढकला म्हणाव." तिच्या लक्षात यातलं काही राहणार नाही. तिचा बाप बोलणारा नाही. म्हणून मी लिहून ठेवते.

आता तुमचं काम. यापुढं तुमच्या दारात कुणी सह्यांचा कागद घेऊन आलं, तर तो पूर्ण वाचा. शेवटची ओळ तर वाचाच. तिच्यात लोकार्पण, उद्घाटन, शुभहस्ते, असं काही दिसलं तर दारातच उभं करून ते खोडायला लावा आणि 'बसवल्या दिवसापासून वापरू द्या' असं लिहून घ्या. लिहीत नसतील तर सही करू नका. कागद आणणारी मी असले, तरी करू नका.