मागं कोण बसतं?

मौलाली नदाफ मिस्त्रीच्या गॅरेजात मोटारसायकलचे मागचे शॉकअप बदलायला गेलं, की आधी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागायचं. "मागं कोण बसतं?" गाडी किती पळाली हे तो विचारायचा नाही, ते त्याला दिसायचं. पण मागं बायको बसते का पोरं, का दुधाच्या किटल्या, हे कळल्याशिवाय कसबा बावड्याचा हा मिस्त्री पान्याला हात लावायचा नाही. शॉकअपच्या बुडाशी पाच खाचा असतात. मागचं वजन जास्त असेल तर स्प्रिंग वरच्या खाचेत चढवून कडक करायची, कमी असेल तर खाली उतरवून मऊ करायची. एवढं साधं काम, पण निम्मे मेकॅनिक न बघताच गाडी हातात देतात आणि गिऱ्हाईक वर्षभर कंबर धरून फिरतं. मौलालीला असल्या मेकॅनिकांचा भयंकर राग.

साखर कारखान्यातून रिटायर झालेला आकाराम एकदा त्याला म्हणाला, "आता मागं कोन न्हाय, मिस्त्री." त्याची बायको धोंडुबाई जाऊन महिना झाला होता. मौलाली पाना घेऊन खाली बसला, स्प्रिंग दोन खाचा उतरवली आणि गाडी पुसून दिली.

आणि मौलालीची स्वतःची गाडी? मिस्त्रीचीच ती, तिच्याकडं कोण बघणार! डावा शॉकअप तेल गळून गळून मेलेला. त्याच गाडीवर दर मंगळवारी आणि शुक्रवारी बायकोला, शमशादला, डायलिसिसला न्यायचं. रिक्षात तिला मळमळायचं, गाडीवर निदान वारा लागायचा. येताना तिला गुंगी यायची, म्हणून मौलाली तिची ओढणी दोघांच्या कमरेभोवती घेऊन पुढं गाठ मारायचा. रस्त्यातली माणसं बघायची. बघू देत.

शमशाद म्हणजे एके काळी डोईवर एक आणि काखेत एक घागर घेऊन चढ चढणारी बाई. "तू बसलीस की माझं पुढचं चाक उचलतंय," असं तो चिडवायचा आणि ती पाठीत बुक्की घालायची. दोन वर्षांपूर्वी किडन्या गेल्या. आता प्रत्येक गतिरोधकाला तिच्या तोंडून "या अल्ला" निघायचं. एकदा बावड्यापासून दवाखान्यापर्यंत मौलालीनं ते मोजलं. चौदा वेळा. त्या दिवशी त्यानं ठरवलं, हिला धक्का बसू द्यायचा नाही.

दुकानातून त्यानं तीन जोड आणून ओळीनं मांडले. एक हलका, तो लगेच बाजूला टाकला. एक साधा, तेलाचा. तिसरा गॅसचा, जाड स्प्रिंगचा, मोठमोठे बोजे सोसणारा. मौलालीनं तिसरा उचलला. बायकोसाठी घ्यायचं तर भारीतलंच घ्यायचं. बसवले, तिसऱ्या खाचेत लावले आणि दारात गाडी उभी करून हाक मारली, "बस, बघ आता!"

चक्कर मारून आल्यावर शमशाद म्हणाली, "झ्याक हाय की." आणि खरंच, त्यानंतर तिचं "या अल्ला" बंद झालं. मौलाली दोन महिने खुशीत होता. ओढणीची गाठ मारल्यावर लोंबणारी टोकं मात्र दर महिन्याला लांब होत होती. तो ती कमरेला खोचायचा आणि किक मारायचा.

एका शुक्रवारी दवाखान्यातली मावशी आली नव्हती, म्हणून शमशादला वजनकाट्यावर त्यानंच धरून उभं केलं. काट्यावर आकडा आला साडेछत्तीस.

"सिस्टर, काटा बिघडलाय तुमचा. मी बघू का?"

क्रांती सिस्टरनं फाईल उघडून त्याच्यापुढं धरली. बासष्ट. चोपन्न. सत्तेचाळीस. एकेचाळीस. साडेछत्तीस. प्रत्येक आकड्यापुढं तारीख होती.

शमशाद चार तास मशीनवर असणार होती. मौलाली खाली आला आणि गाडीची मागची सीट हातानं दाबली. स्प्रिंग हलली नाही. एवढ्याशा बाईच्या वजनाला ती हलणारच नव्हती. दोन महिने प्रत्येक खड्डा थेट तिच्या हाडात जात होता. जगाला विचारत होता मागं कोण बसतं, आणि घरात विचारलं नव्हतं.

गॅरेजात येऊन त्यानं नवे शॉकअप काढून फेकले. भंगारात एका बारक्या कारकुनाच्या गाडीचा तेलाचा जुना जोड होता. वापरून मऊ झालेला, पण गळत नव्हता. तो बसवला, पहिल्या, सगळ्यांत खालच्या खाचेत लावला. मग शेजारच्या गिरणीतून साडेछत्तीस किलो गहू पोत्यात घालून घेतला. पोतं अर्धं रिकामंच राहिलं. ते मागं ठेवून त्यानं ओढणीनं कमरेला बांधलं आणि गतिरोधकांवरून दोन फेऱ्या मारल्या. पोतं नुसतं डुललं. परत आल्यावर त्यानं ते एका हातानं उचललं, आणि मग गिरणीच्या दारातच खाली बसून तो रडला.

संध्याकाळी घरी येताना पुलाच्या पुढं शमशादनं विचारलं, "आज रस्ता नवा केलाय व्हय?"

"व्हय. केलाय." थोडं पुढं जाऊन त्याला राहवलं नाही. "त्या आधीच्या शॉकअपनी दुखत हुतं तर बोलली का न्हाईस?"

"तुमी एवढ्या हौसेनं बसवलासा."

त्यानंतर ती अकरा वेळा त्या गाडीवर बसली. बाराव्या वेळी रुग्णवाहिका आली.

शमशाद गेल्यानंतरचं चाळिसावं झाल्यावर मौलालीनं गॅरेज उघडलं आणि आधी स्वतःची गाडी ओढून घेतली. आता मागं कोणी नव्हतं. आकारामाच्या गाडीला केलं तेच आता आपल्या गाडीला करायचं, म्हणून तो पाना घेऊन चाकापाशी बसला. स्प्रिंग पहिल्याच खाचेत होती. तिच्याखाली खाच नसते. शमशाद होती तेव्हा जसं होतं तसंच सगळं होतं, आणि मिस्त्रीला करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

पाना हातात धरून तो तसाच बसून राहिला.