घाटावरचे सहा तास

शेवंतीने बी.ए.ला चित्रपट हा दुय्यम विषय घेतला तो सिनेमाच्या ओढीने नव्हे, वेळापत्रक पाहून. मुख्य विषय मराठी. दुय्यम म्हणून अर्थशास्त्र घ्यावं तर त्याचा तास सकाळी आठला, आणि त्या वेळी ती आईबरोबर ठाण्याच्या बाजारात मासळी विकायला बसलेली असे. चित्रपटाचा तास दुपारी दोनला. बाजार आटपायचा, हात लिंबाने घासायचे आणि कॉलेज गाठायचं. साल शहाऐंशी. बाळकुमच्या त्यांच्या आळीतून कॉलेजात पोचलेली ती पहिलीच मुलगी.

तिची आई आवडाबाई पहिल्याच दिवशी म्हणाली होती, “सिनेमा बगाला कालेजान कशाला जायाला पायजे गो? टाकीज काय बंद परलं?”

“आई, याची पण परीक्षा असते.”

“आनि नापास झालीस तं?”

“तर सकाळचा विषय घ्यावा लागेल.”

“मंग कालेज सोर नि पाटी उचल,” आवडाबाई म्हणाली. त्यात राग नव्हता. एकटीने दोन पाट्या वाहण्याचं तिचं वय सरलं होतं.

नियम तसाच होता. पहिल्या सहामाहीत पन्नासपैकी वीस गुण पडले नाहीत, तर विषय बदलायचा.

विषय शिकवायच्या सुहासिनीबाई. डोंबिवलीहून यायच्या, खणखणीत बोलायच्या, आणि मुंबईहून भाड्याने आणलेली रिळं पत्र्याच्या डब्यांतून स्वतः उचलून आणायच्या. प्रयोगशाळेतला शिपाई काळुराम प्रोजेक्टर चालवायचा. सहामाहीआधी बाईंनी एक कृष्णधवल चित्रपट दाखवला. खाडीकाठच्या गावातल्या एका नावाड्याच्या बायकोची गोष्ट. त्यावरच पेपर होता. शेवटचा प्रश्न दहा गुणांचा: बायको घाटावर नवऱ्याची वाट पाहते, त्या प्रसंगात किती वेळ जातो आणि तो कसा दाखवला आहे?

वर्गातल्या बहुतेकांनी लिहिलं, दोन-तीन मिनिटं. आधी तिचा चेहरा दिसतो, लगेच होडी दिसते. शेवंतीने लिहिलं, सहा तास.

पेपर हातात आला तेव्हा त्या उत्तरावर तिरकी लाल रेघ होती आणि शेजारी बाईंचं अक्षर: ‘पडद्यावर दिसतं तेवढंच लिहावं.’ एकूण गुण सोळा.

तिने आकडा दोनदा वाचला. मग उभी राहिली. वर्गात ती आजवर कधी बोलली नव्हती.

“बाई, मी दिसलं तेच लिहिलंय.”

“सहा तास कुठे दिसले तुला?”

“पाण्यात. पहिल्यांदा ती बसते तेव्हा पाणी वरच्या पायरीला लागलंय. पूर्ण भरती. होडी येते तेव्हा खालचा चिखल उघडा पडलाय, होड्या बांधायचे खुंटपण दिसतात. एवढं पाणी उतरायला सहा तास तरी लागतात.”

मागून रतन नावाचा मुलगा ओरडला, “अरे, ही सिनेमा बघायला गेलेली की मासे पकडायला?” वर्ग हसला. शेवंतीचे कान तापले, पण ती बसली नाही.

“तुम्ही परत बघा ना बाई.”

“रिळं बांधून झाली आहेत. काळुराम आत्ता ती परत द्यायला निघालाय.”

दारात डबे घेऊन उभा असलेला काळुराम म्हणाला, “एकच रीळ ना? लावतो की. दहा मिन्टांनी काय बिघडत नाय.”

काळे पडदे ओढले गेले. बाई खुर्ची पुढे घेऊन पडद्याच्या अगदी जवळ बसल्या. बायको घाटावर येऊन बसली. पाणी वरच्या पायरीशी डुचमळत होतं. मग तिचा चेहरा, आणि मग होडी. होडीखाली काळा, ओला चिखल लांबवर पसरला होता.

“थांब,” बाई म्हणाल्या. “मागे घे.”

काळुरामने रीळ मागे घेऊन तो प्रसंग तीनदा दाखवला. तिसऱ्यांदा कोणी हसलं नाही.

दिवे लागल्यावर बाई वर्गाकडे वळल्या. “हा चित्रपट मी पाच वर्षं शिकवते आहे. मला हे पाणी दिसलं नव्हतं. दिग्दर्शकाच्या मनात सहा तास होते, की शूटिंगलाच उशीर झाला, ते मी सांगू शकणार नाही. पण पडद्यावर सहा तास गेले आहेत. चूक माझी आहे, शेवंती.”

“मग डायरेक्टरला नापास करा बाई,” रतन म्हणाला, आणि या वेळी शेवंतीही हसली.

बाईंनी तिथेच सोळाचे चोवीस केले.

पुढे शेवंती कल्याणच्या एका शाळेत मराठी शिकवायला लागली. दर नारळी पौर्णिमेनंतर ती डोंबिवलीला बाईंकडे नारळ घेऊन जाते. बाईंच्या घरी मासळी चालत नाही. काळुराम शहाडला राहतो. त्याच्याकडे मात्र ती सुकट नेते आणि त्याची बायको तिला जेवल्याशिवाय सोडत नाही. वर्गासमोर ‘चूक माझी’ म्हणणारं माणूस वयाच्या अठराव्या वर्षी भेटलं, आणि आपलं काम अडवून रीळ लावणारंही भेटलं, याचं तिला अजून अप्रूप आहे. ती फार बोलून दाखवत नाही. ठरल्या दिवशी जाते, एवढंच.

गुण वाढले त्या संध्याकाळी घरी आल्यावर तिने आईला सगळं सांगितलं. आवडाबाई कोयता धूत होती. पास झाल्याचं ऐकून तिने नुसती मान हलवली. सिनेमातल्या बाईचं ऐकलं तेव्हा मात्र तिचा हात थांबला.

“सा तास नुसती बसली? मंग तिची मासली कोन इकत व्हता?”

 शेवंती आत गेली आणि दप्तर उघडून सोमवारी बाईंना विचारायचा तो प्रश्न वहीत लिहायला बसली.