सिस्टरसाठी सुके बांगडे

सुक्या बांगड्यांचा वास आला की मला रत्नागिरीतल्या आमच्या हॉस्पिटलच्या ड्रेसिंग रूमबाहेरचं बाक आठवतं. तिथे सिस्टरची नोकरी करता करता मधुमेहामुळे पायाला होणाऱ्या जखमांवर मी नर्सिंगमध्ये पीएचडी करत होते, आणि पूर्णगडचा एक म्हातारा खलाशी माझ्याकडे पट्टी बदलायला यायचा. अंगठा कापावा लागेल या भीतीने तो पार खचला होता, पण माझ्या हातात पाय दिला की निवांत व्हायचा. येताना कागदात गुंडाळून सुके बांगडे आणायचा. स्पिरिटचा वास त्यापुढे हार मानायचा. शेवटची तोंडी परीक्षा देऊन मी परत रुजू झाले, त्या सकाळी वॉर्डात सगळ्यांना पेढे वाटले. हा मात्र पेढा हातात धरून बाकावरच बसून राहिला, नव्या सिस्टरला पायाला हात लावू देईना. "काय झालं, काका?" मी विचारलं. "तू आता डाक्टर झालीस ना, बाय," तो खाली मान घालून म्हणाला, "डाक्टर नुसता बघून जातो. पट्टी कोण बदलणार माझी?" मला हसू आलं. स्टूल ओढून मी त्याचा पाय मांडीवर घेतला. "काका, एवढी वर्षं शिकले ते हेच की!" तेव्हा कुठे त्याने पेढा तोंडात टाकला. त्याचा अंगठा वाचला. अजूनही दर उन्हाळ्यात त्याचा मुलगा बांगडे पोचवतो. काल नवा वॉचमन पुडकं घेऊन माझ्या दाराशी घुटमळत होता. "मॅडम, कुणा सिस्टरसाठी दिलंय हे," पाटीवरचं 'डॉ.' वाचत तो म्हणाला. "आण इकडे," मी म्हटलं, "माझंच आहे."