कुमुदचे बेसबॉलचे उखाणे

कुमुद गेल्यावर भेटायला आलेल्या मंडळींना माझ्याशी काय बोलावं हा प्रश्न पडला नाही. सोफ्यावर टेकायचं, "काकूंचं फार वाईट झालं" म्हणायचं, आणि मग माझं मन रमावं म्हणून हळूच, "काका, या वर्षी टीमनं अगदीच निराशा केली, नाही?" मी मान हलवायचो. अमेरिकेत, ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडच्या मराठी मंडळींत माझी ख्याती बेसबॉलवेडा अशी आहे. ती सगळी कुमुदची करणी. वेड तिला होतं. मला गेल्या वर्षापर्यंत त्या खेळातलं ओ का ठो कळत नव्हतं.

मी क्रिकेटवर वाढलेला माणूस. मुसळासारखी बॅट घेऊन उभं राहायचं आणि मारलं की बॅट टाकून पळत सुटायचं, याला खेळ म्हणायला माझी जीभ वळत नसे. सुरुवातीला कुमुदचंही तेच मत होतं. मग २००१ मध्ये मीरा, आमची एकुलती एक मुलगी, कॉलेजसाठी घराबाहेर पडली. माझा दिवस ह्यूस्टनच्या ऑफिसात आणि हायवेवर जायचा, आणि एवढ्या मोठ्या घरात कुमुद एकटी. शेजारी डोरिस नावाच्या आजी राहतात. त्या संध्याकाळी पोर्चमध्ये रेडिओवर मॅच ऐकत बसायच्या. एकदा कुमुद चिवड्याची वाटी घेऊन त्यांच्याकडे गेली आणि तासाभरानं स्ट्राइक म्हणजे काय ते शिकून परत आली. त्यानंतर आमच्या घरी भाताचा कुकरसुद्धा इनिंग संपल्यावर लागू लागला.

मंडळाच्या हळदीकुंकवाला उखाण्याचा आग्रह व्हायचाच. बाकीच्या बायका चांदीचं ताट आणि रुप्याची वाटी यातून बाहेर येत नव्हत्या. त्या संक्रांतीला कुमुदची पाळी आली आणि मी बाहेर फॅमिली रूममध्ये पुरुषांबरोबर तिळाची वडी चघळत असताना तिचा खणखणीत आवाज ऐकला:

"तीन स्ट्राइक पडले की बॅटर होतो आऊट,
प्रभाकरराव भले माणूस, त्यात नाही डाउट."

आतून असा काही हशा आला की बाहेरची चर्चा बंद पडली. तेव्हापासून कुठलंही लग्न असो, डोहाळजेवण असो की गणपती, लोक कुमुदकाकूंच्या उखाण्याची वाट बघायचे. तिचे ते सगळे दोन-दोन ओळींचे. "फर्स्ट, सेकंड, थर्ड करत गडी येतो घरी, प्रभाकररावांची गाडी मात्र अजून हायवेवरी." तिन्ही बेसना शिवून सुरुवातीच्या जागी पोचणं म्हणजे या खेळात घरी येणं. किंवा, "चार बॉल सोडले की बेस मिळतो फुकट, प्रभाकररावांना आमटी लागते कोल्हापुरी तिखट." हसवायच्या ओळी असल्या तरी खेळाचा नियम त्यात चुकलेला तिला खपत नसे. डोरिसकडून खात्री करून घेतल्याशिवाय ती उखाणा घराबाहेर काढत नसे.

पण प्रत्येक उखाण्यात माझं नाव असल्यानं लोकांचा समज भलताच झाला. पुण्याहून नुकतीच आलेली आयटीची पोरं मला कोपऱ्यात गाठायची. "काका, कालची गेम बघितली? काय वाट लावली यार!" मी एक युक्ती शोधली होती. गंभीर चेहरा करून म्हणायचं, "पिचिंग वीक पडलं." ते कधीच चुकीचं ठरलं नाही. घरी येताना गाडीत कुमुद पोट धरधरून हसायची. "अहो, काल आपण जिंकलो. तेही पिचिंगवरच!"

गेल्या वर्षी वसंतात तिच्या आजाराचं निदान झालं. डॉक्टर आपले मराठीच, त्यामुळे त्यांनी फार आडपडदा ठेवला नाही. परतताना आम्ही हायवेला लागलो. ती म्हणाली, "मी तुमचं नाव इतक्यांदा घेतलं. तुम्ही माझं एकदा तरी घेतलंत का?"

खरंच नव्हतं घेतलं. लग्नात मुलींनी अडवलं तेव्हा मी ठसका लागल्याचं नाटक करून सुटलो होतो. पुढे "अगं" आणि "मीराची आई" यावर सगळा संसार झाला.

"एक उखाणा घ्या," ती म्हणाली. "स्वतः केलेला. बेसबॉलचा. नियम बरोबर हवा. आणि मला ऐकू येतंय तोवर घ्या म्हणजे झालं."

मी आयुष्यभर पाइपलाइनची डिझाइन्स केली. यमक जुळवायची वेळ कधी आली नव्हती. पण तिनं माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, आणि हे मागणं वेळेत पुरं झालं नाही तर काय, या विचारानं मला धडकीच भरली. मी रिटायरमेंट अलीकडे ओढली आणि तिच्या शेजारी टीव्हीसमोर बसू लागलो. केमोच्या खोलीतही टीव्ही होता. ती अर्धवट ग्लानीत असायची, पण मी चुकीचं काही बोललो की डोळे न उघडता दुरुस्त करायची.

माझा पहिला प्रयत्न मीराच्या देखत झाला. मी खाकरून म्हणालो, "सहा बॉल झाले की संपते इथली ओव्हर, कुमुद माझी एकुलती एक लव्हर."

"बाबा, दॅट्स सो बॅड," मीरा म्हणाली.

"बेसबॉलमध्ये ओव्हर नसते," कुमुद म्हणाली. "आणि लव्हर काय, शी! या वयात!" पण त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवली.

दुसऱ्या खेपेला मी जय्यत तयारी केली होती. "पिचर टाकतो, कॅचर झेलतो, मध्ये उभा बॅटर, कुमुद जवळ असली की बाकी डझन्ट मॅटर." मला तो झकास वाटला होता. तिनं डोळे मिटून तो मनात घोळवला. "नियम चुकला नाही. पण तुमचा बॅटर काहीच करत नाही हो. नुसता उभा आहे." मग माझ्या हातावर थोपटून म्हणाली, "अजून करा." त्या हिवाळ्यात ती जरा बरी झाली. यंदाचा सीझन सुरू झाला तेव्हा आम्ही दोघं स्टेडियममध्ये जाऊन आलो, खाली उतरताना तिला माझा खांदा लागला एवढंच. उन्हाळ्यात दुखणं उलटलं. हॉस्पिटलनं घरी न्यायला सांगितलं.

सप्टेंबरातली दुपार होती. बैठकीच्या खोलीत तिचा पलंग होता, मीरा सुट्टी घेऊन आली होती, टीव्हीवर मॅच चालू होती. ठरलेल्या नऊ इनिंग संपल्या, स्कोअर बरोबरीत. खेळ पुढे चालू राहिला. दहावी, अकरावी... या खेळात घड्याळ नसतं हे मला आवडलं. मनापासून आवडलं. मी टीव्हीचा आवाज बंद केला आणि म्हणालो:

"नवव्या इनिंगनंतर बरोबरी असली की पुढे चालू राहतो डाव,
बरोबरी आहे आमची, कुमुदचं घेतो नाव."

मला वाटलं, तिला ऐकू गेलंच नाही. मग ओठ हलले. "नियम बरोबर आहे," ती म्हणाली. थोडं थांबून, बारीक हसून, "पण बरोबरी कुठाय? मी पुढे आहे."

मीरा हसली, मीही हसलो. तिच्यासाठी पेज गरम करायला स्वयंपाकघरात गेलो. ती ढवळताना मला कळलं. नववी इनिंग संपताना जो पुढे असतो त्याला जादा इनिंग मिळत नाही. तिथंच संपतं. खेळ शिकण्याआधीचा मी असतो तर मला हे उमगलंच नसतं, आणि ते फार बरं झालं असतं. मी गॅस बंद केला आणि ओट्याला धरून रडलो. त्याच आठवड्यात ती गेली.

मंडळी येऊन गेली, मीरा तिच्या कामावर परत गेली. डोरिस संध्याकाळी हाक मारतात, मी कधी जातो, कधी जात नाही. माझा उखाणा कुमुदनं पास केला नव्हता, हे मात्र डोक्यातून जाईना. स्कोअर चुकीचा धरला होता मी. परवा सकाळी चहा टाकताना तो दुरुस्त केला. आता रोज आधण येईपर्यंत एकदा मोठ्यानं म्हणतो. घरात ऐकायला कुणी नसतं, पण नाव घ्यायचं राहत नाही.

"नवव्या इनिंगला जो पुढे, त्याचा तिथंच संपतो डाव,
पुढे होती कुमुद, तिचं मागून घेतो नाव."