मैदानावरचा सोडियमचा अणू

गेवराई तालुक्यातल्या एका मोठ्या गावात मी नववी-दहावीला विज्ञान शिकवायचो, तेव्हाची ही गोष्ट. त्या वर्षी नववीत चौतीस जण होते. तेवीस मुलं, अकरा मुली. एकदा हजेरी घेताना माझ्या लक्षात आलं, हा आकडा सोडियमचा आहे. सोडियमच्या केंद्रकात अकरा प्रोटॉन आणि बारा न्यूट्रॉन, मिळून तेवीस. बाहेर फिरणारे इलेक्ट्रॉन अकरा. फळ्यावर वर्तुळं काढून काढून मी थकलो होतो, पण पोरांच्या डोक्यात अणू काही शिरत नव्हता. म्हटलं, ह्यांनाच अणू करू.

निम्मी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला निघून जायची, त्यामुळे वर्ग भरलेला असायचा तो त्याआधीच. पावसानं उघडीप दिलेल्या एका दुपारी मी मैदानावर चुन्याच्या फक्कीनं एकात एक तीन वर्तुळं आखली. आतल्या वर्तुळावर दोन मुली, मधल्यावर आठ, बाहेरच्यावर एकटी एक. मुलांनी मधोमध दाटीवाटीनं हात धरून उभं राहायचं. अकरा जणांच्या शर्टाला अधिकचं चिन्ह काढलेले कागद टाचले, बारा जण कोरे. मुली पळायला लागल्या आणि मैदानावर हसू फुटलं. मी ओरडून सांगत होतो, की खऱ्या अणूत मधली जागा जवळजवळ रिकामी असते. केंद्रक ज्वारीच्या दाण्याएवढं धरलं, तर बाहेरचा इलेक्ट्रॉन पार वेशीजवळ जाईल. धन प्रभार धन प्रभाराला ढकलतो, तरी केंद्रक फुटत नाही, कारण अगदी जवळ आलं की एक वेगळंच बल त्यांना बांधून ठेवतं. म्हणून हात घट्ट धरा.

एकानं हात खिशात घातले होते. गावातल्या मोठ्या बागायतदाराचा मुलगा. वडील पूर्वी पंचायत समितीवर होते, अजूनही त्यांच्या शब्दाशिवाय गावात काही हलत नव्हतं. त्याच्या शेजारी उभा होता एका ऊसतोड मजुराचा मुलगा. शांत पोरगा, गणितात तरबेज. मी हात धरायला सांगितलं.

"मी न्हाई धरत ह्याचा," तो म्हणाला.

का, म्हणून मी विचारलं. तेव्हा तो हसून त्या मुलाच्या आईबद्दल एक वाक्य बोलला. ती बाई त्यांच्याच शेतात खुरपायला जायची. ते वाक्य मी इथं लिहिणार नाही. मजुराच्या मुलानं त्याला ढकललं. त्यानं कोपर फिरवलं, ते मजुराच्या मुलाच्या तोंडावर बसलं आणि ओठ फुटून रक्त छातीवरच्या कागदावर पडलं. पोरं पांगली. दोघं चिखलात पडून एकमेकांचे केस ओढायला लागले.

मी धावत गेलो आणि बागायतदाराच्या मुलाला उठवून कानाखाली मारली. एक नाही. चार, का पाच. माझ्या हाताला ती सवय होती. मी मार खाऊनच शिकलो होतो आणि नोकरीला लागल्यापासून पट्टीनं मारत आलो होतो. "सर, बिनधास्त हाणा," असं पालकच सांगायचे. शेवटची चापट उघड्या पंजानं त्याच्या डाव्या कानावर बसली. तो कान धरून खाली बसला, ओरडलासुद्धा नाही. दुसऱ्या चापटीनंतर मला थांबता आलं असतं. मी थांबलो नाही, कारण मला त्यात बरं वाटत होतं. हे कबूल करायला मला पुढे बराच काळ लागला.

तो दप्तर न घेता घरी गेला. मी बाकीच्यांना वर्गात आणलं, मजुराच्या मुलाला तोंड धुवायला लावलं आणि फळ्यावर दोन, आठ, एक असं लिहून पुढे शिकवायला लागलो. तेवढ्यात फाटकातून जीप आत आली. मुख्याध्यापक ऑफिसच्या दारात आले, त्यांनी जीप बघितली आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

बागायतदार वर्गात शिरले, मागे त्यांचा भाऊ आणि ड्रायव्हर. भावाच्या हातात ठिबकची दुहेरी केलेली नळी होती, ड्रायव्हरच्या हातात टिकावाचा दांडा. नळीचा पहिला फटका मानेवर बसला तेव्हा मला वाटलं कुणीतरी उकळतं पाणी ओतलं. मी टेबलाखाली शिरलो. भावानं पाय धरून बाहेर ओढलं. पोटात लाथा बसत होत्या, मुली रडत होत्या.

बागायतदारांचा आवाज मात्र अजिबात चढला नव्हता. त्यांनी विचारलं, "का रे मास्तर, कोणत्या हातानं मारलंस?"

मी दोन्ही हात पोटाशी घेतले. त्यांनी वर्गाला विचारलं. पोरांनी माना खाली घातल्या. मग त्यांनी माझा उजवा हात, खडूची पूड लागलेला, टेबलावर धरून ठेवला आणि ड्रायव्हरनं दांडा घातला. ओलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. दुसऱ्या घावाचा आवाज मला आठवत नाही.

मी फरशीवर पडलो होतो तेव्हा भाऊ शेवटच्या बाकाकडे गेला. "हाच का त्यो?" म्हणून त्यानं मजुराच्या मुलाला कॉलर धरून उभं केलं आणि गुडघा त्याच्या पोटात घातला. मुलगा वाकला, पुन्हा उभा केला, पुन्हा गुडघा. मी ते पाहत होतो. उठण्याचा प्रयत्न केला असं मी पुढे लोकांना सांगितलं. खरं म्हणजे मी हललो नाही.

थांबवलं ते बागायतदाराच्या मुलानं. तो जीपमधून उतरून दारात आला होता. कानातून गळ्यापर्यंत रक्ताची बारीक रेघ उतरली होती.

"बप्पा, बास करा," तो म्हणाला. "मीच त्याच्या आईवर बोललतो."

वडील वळले आणि त्यांनी त्याच्या उजव्या कानाखाली मारली. "तुला कुणी इचारलं?" पोरगा चौकटीवर आदळला. मग ते सगळे निघून गेले.

बीडच्या दवाखान्यात मनगटाला प्लॅस्टर घालताना डॉक्टरांनी कसं लागलं ते विचारलं. पाय घसरून पडलो, असं मी सांगितलं. सोबत आलेल्या मुख्याध्यापकांनी वाटेत समजावलं होतं, की तक्रार केली तर कायदा आधी माझ्यावरच येईल. पोराच्या कानाचा पडदा फाटलाय. ते खोटं नव्हतं. चार दिवसांनी ऑफिसात चहा झाला, मिटवामिटवीच्या कागदावर मी डाव्या हातानं सही केली. कुणीतरी खिडकीतून मोबाइलवर काढलेला व्हिडिओ तोवर गावभर फिरला होता. त्यात मी टेबलाखाली शिरताना दिसतो. माझ्या बायकोनं तो माझ्याआधी पाहिला.

महिन्याभरानं मी बागायतदाराच्या वाड्यावर गेलो. वडील घरी नव्हते. मुलाला म्हटलं, मी चुकलो, मी तुला मारायला नको होतं. "सर, डाव्या कानात सारखी शिट्टी वाजती," तो एवढंच म्हणाला. मला त्याच्या डोळ्यांत राग दिसला असता तर बरं वाटलं असतं.

मजुराच्या मुलाकडे मात्र मी त्यानंतर गेलो. आधी तिथं जायला हवं होतं, हे मला चालता चालता कळलं. त्याच्या वडिलांनी त्या दिवसापासून त्याला शाळेत पाठवलं नव्हतं. ते पत्र्याच्या शेडपुढे कोयत्याला धार लावत होते. मला पाहून उठले, सतरंजी टाकली. मुलगा आत होता, बाहेर आला नाही. मी म्हणालो, की त्याला परत पाठवा, मी स्वतः लक्ष ठेवीन.

त्यांनी माझ्या प्लॅस्टरकडे पाहिलं. "तुमी काय लक्ष ठेवताल, सर?" त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "आमाला त्याच रानात राबायचं हाय. आमाला ह्यात घेऊ नका."

दिवाळीनंतर त्यांचं बिऱ्हाड कारखान्याला गेलं. नाव काही महिने हजेरीत राहिलं. मी रोज ते पुकारायचो आणि त्यापुढे गैरहजर लिहायचो. एक दिवस मुख्याध्यापकांनी ते कमी केलं. वर्ग तेहतीसचा झाला. पुढच्या वर्षी मी बदली मागून घेतली.