लेकीच्या तपासणीत सापडलेला माझा सिकलसेल

"मावशी, हा वात नाही. हा सिकलसेल आहे, आणि तो तुम्हाला जन्मापासून आहे."

गोंदियाच्या दवाखान्यात डॉक्टर हे बोलले तेव्हा मला भीती वाटली नाही. रडू आले, पण ते सुटकेचे होते. मी चोपन्न वर्षांची, सौंदडची, धानाच्या शेतीतली बाई. रोवणीत गार पाण्यात उभी राहिले की संध्याकाळी मांड्यांची हाडे आतून कुणी पिळतेय असे दुखायचे. डोळे पिवळे व्हायचे. दोन्ही बाळंतपणांत रक्त चढवावे लागले. घरचे म्हणायचे, हिला कामाचा कंटाळा आहे. ऐकून ऐकून मलाही तसेच वाटू लागले होते.

डॉक्टरांनी मला समजावले तसेच सांगते. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक नसांमध्ये अडकतात. जिथे रक्त पोचत नाही तिथे दुखते. आई आणि बाप दोघांकडून दोष आला तर आजार होतो. एकाकडूनच आला तर तो माणूस वाहक. त्याला स्वतःला सहसा काही होत नाही, पण त्याच्याकडून दोष मुलांत जाऊ शकतो.

माझा आजार सापडला तो माझ्या मुलीमुळे. वैशाली इंग्लंडमध्ये नर्स आहे. तिला दिवस गेले तेव्हा तिथल्या सुईणीने सुरुवातीलाच रक्त तपासायला घेतले. वैशाली वाहक निघाली. लगेच जावयांनाही तपासले. त्यांच्यात दोष नव्हता. मग तिने मला फोन केला.

"आई, हे तुझ्याकडून आलं असंल तर? तुझं ते जुनं दुखणं... तू पहिले रक्त तपासून घे."

"या वयात कायले?" मी म्हटले.

"वयाचं नको सांगू. जाऊन ये."

फोनवर ती बरेच सांगायची. युरोपातल्या प्रत्येक देशाचा कायदा वेगळा. इंग्लंडमध्ये गरोदर बाईलाही तपासतात आणि जन्मल्यावर बाळाच्या टाचेतूनही रक्ताचे थेंब घेतात. तिच्या मैत्रिणीचे बाळ जर्मनीत झाले. तिथे बाळाला आजार असला तर कळवतात, नुसते वाहक असले तर सांगत नाहीत. फ्रान्समध्ये बरीच वर्षे ठरावीक मुलखांतून आलेल्या आईबापांचीच बाळे तपासायचे. आता सगळीच तपासतात. "मी दुसरीकडे असते तर आपल्याले कळलंच नसतं," ती म्हणाली.

आणि आपल्याकडे? तपासणी आपल्याकडेही आहे. गावात शिबिर आले होते, पण ते चाळिशीच्या आतल्यांसाठी. माझी चाळिशी कधीच सरली होती. मी धान वाळत घालत राहिले.

तालुक्याच्या दवाखान्यात पहिली तपासणी झाली. नंतर गोंदियाला इलेक्ट्रोफोरेसिस झाली. रक्तात कोणत्या प्रकारचे हिमोग्लोबिन आहे हे त्यात कळते. तिथेच पक्के झाले. हायड्रॉक्सीयुरिया नावाची गोळी सुरू झाली. ती पेशी वाकड्या होणे कमी करते. डॉक्टर म्हणाले, पाणी भरपूर प्या, थंडीत भिजू नका, ताप आला तर घरी थांबू नका.

शेवटी त्यांनी विचारले, "मुलं किती?"

"एक मुलगी, एक मुलगा."

"तुमच्याकडून हा दोष प्रत्येक मुलात जातोच. मग मुलगाही वाहक असणारच. लग्न झालंय त्याचं?"

माझ्या प्रवीणचे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, नुकतेच झाले होते. सडक अर्जुनीला हायवेवर त्याचे गाड्या दुरुस्तीचे दुकान आहे. मुलगी तिरोड्याची, मनीषा. आमचे भासरे, म्हणजे माझे मोठे दीर, ऐकताच उखडले.

"काऊन सांगता त्यायले? लग्न मोडन ना! पोराच्या अंगावर लिवलं हाय का?"

प्रवीणच उठला. "मी सांगतो. तिले न सांगता मी लगन करणार नाही."

आम्ही मायलेक तिरोड्याला गेलो. प्रवीणने सगळे सांगितले. मनीषाच्या आईच्या हातातला चहाचा ट्रे तसाच राहिला. मनीषा मात्र म्हणाली, "मी बी तपासून घेतो." ती वाहक निघाली. तिच्या घरात कुणालाच माहीत नव्हते.

डॉक्टरांनी दोन्ही घरांना एकत्र बसवले. प्रत्येक गरोदरपणात चारातली एक शक्यता, की मूल आजार घेऊन येईल. लग्न करा किंवा मोडा असे ते काहीच बोलले नाहीत. दोन्ही पोरे व्हरांड्यात बराच वेळ बोलत उभी राहिली. आत आली तेव्हा मनीषाचे डोळे लाल होते. तिने आईला फक्त एवढेच सांगितले, "तारीख नको बदलू."

लग्न झाले. पुढे मनीषाला दिवस गेले. पोटातल्या बाळाची तपासणी नागपूरला होते. आजार निघाला तर गर्भ ठेवायचा की नाही हे आईबापाने ठरवायचे. त्या काळात मला झोप लागेना. ज्या दोषासाठी ती तपासणी होती, तो घेऊन मी स्वतः जगत आले होते. मनीषा एक दिवस म्हणाली, "आई, मले नाही करायची तपासणी. तुम्ही बी जगूनच राहिल्या ना?"

"जगली, पण कशी जगली ते तुले नाही माहीत," मी जरा जोरातच बोलले. मग तिचा हात धरला. "तू ठरवशील ते खरं. पण लेकरू झाल्याबरोबर तपासू. माझ्यासारखं अंधारात नाही ठेवायचं त्याले."

मुलगी झाली. तपासणीत आजार निघाला. प्रवीण दवाखान्याच्या मागे जाऊन रडला. मी वैशालीला फोन लावला. तोवर तिचेही बाळ झाले होते. तिथे अशा बाळांना काय करतात ते तिने सांगितले: लहानपणापासून पेनिसिलिन, सगळ्या लसी, पोटात डाव्या बाजूला प्लीहा वाढली का हे आईला हाताने ओळखायला शिकवणे. मी ते सगळे आमच्या डॉक्टरांपुढे बोलून दाखवले. ते हसले. "मावशी, हे सगळं आपण इथेही करतो. फक्त बाळ वेळेवर सापडलं पाहिजे. हे सापडलं."

तुमच्या घरात कुणाची हाडे अशी दुखत असतील, डोळे पिवळे होत असतील, तर त्याला आळशी म्हणू नका. रक्त तपासून घ्या. आमच्या भासऱ्यांनीही आता आपल्या नातवंडांचे रक्त तपासून आणले.

माझे दुखणे गेलेले नाही, पण गोळीने बरेच कमी झाले आहे. नात आता बसायला लागली. परवा तिला मांडीवर घेऊन दवाखान्यात बसले होते. नवीन आलेल्या सिस्टरने विचारले, "पेशंट कोण हाय, आजी का नात?"

मी म्हटले, "दोघी. पहिले तिले पाहा."