सावडीतली माझी जागा

आमच्याकडे कांद्याची लागवड सावडीवर चालायची. आळीतल्या बाया मिळून आज एकीच्या वावरात, उद्या दुसरीच्या, असं करत सगळ्यांची लागवड उरकायची. मजुरीचा प्रश्नच नाही. तू माझ्याकडे राबलीस, मी तुझ्याकडे राबणार, एवढाच करार. तो मोडणारीला आळीत किंमत राहत नसे. लग्न होऊन मी पिंपरी पेंढारला आले ती नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. माहेर घोडेगावच्या वरच्या अंगाला, भातलावणीचं गाव. त्यामुळे चिखलात वाकून रोप कसं लावायचं हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पहिल्याच थंडीत मी ओळीत बसले आणि दुपारपर्यंत शेजारच्या बाया मागे पडल्या. सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. त्यांनी संध्याकाळी आळीभर सांगितलं, "आमची सून लई चपळ हाय." मला त्याचा गर्व होता आणि तो मी लपवतही नव्हते.

त्या ओळीत नुसतं काम नसे. हात गारठलेले, पाय चिखलात, आणि बाया असं काहीबाही बोलायच्या की घराच्या उंबऱ्याआत त्यातलं एक अक्षर कुणी काढलं नसतं. नवऱ्यांच्या नकला, सासऱ्यांचे खोकले, टीव्हीवरच्या हिंदी सिनेमांतल्या नटलेल्या सासवांची थट्टा. माझ्या थोरल्या जाऊबाई यात सगळ्यांत पुढे. त्यांचं तोंड सुरू झालं की वाफा कधी संपला ते कळायचं नाही. सबंध वर्षात मला मनमोकळं हसायला मिळायचं ते याच दिवसांत.

पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी. मूल अंगानं भरलेलं, कळा लांबलेल्या, आणि तालुक्याची एस.टी. निघून गेलेली. दवाखान्यात पोचायच्या आत घरीच बाळंत झाले. मुलगी गुटगुटीत, खणखणीत रडणारी. मी मात्र खालून फाटले होते, आणि ते नुसतं कातडीपुरतं नव्हतं. दुसऱ्या दिवशी टाके पडले, जखम वरून भरली. आईनं शेक-शेगडी केली, ओवा-शेपा खायला घातला, पोट घट्ट बांधलं. तिच्या बाजूनं काही कमी पडलं नाही. पण मला वारा धरता येईना. पोट बिघडलं की संडासापर्यंत पोचता येईना. लघवीचंही तेच. खोकला, शिंक, हसू, कशानंही साडी ओली. हे मी सरळ लिहिते आहे. तेव्हा सरळ बोलायची सोय नव्हती, त्याचा मला अजून राग येतो.

सासरी परत आले तोवर लागवड तोंडावर आली होती. मी गेले. ओळीत बसले. जाऊबाईंनी कसली तरी नक्कल केली, सगळ्या हसल्या, मीही हसले आणि व्हायचं ते झालं. चिखलात डाग दिसत नाही, पण वास लपत नाही. शेजारची बाई फक्त थोडी सरकून बसली. मी पोरीला पाजायचं निमित्त करून घरी आले ती परत गेलेच नाही.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या जागेवर आत्या जाऊ लागल्या. सावड बुडवायची नाही, नाहीतर आपल्या वावरात कोण येणार? बायांनी विचारलं तर सांगायच्या, "तिला बाळंतरोग झालाय." त्यांचे गुडघे तेव्हाच कुरकुरत होते. दिवसभर उकिडवं बसून संध्याकाळी यायच्या, भिंतीला धरून खाली टेकायच्या आणि मला गरम पाणी मागायच्या. मी पाणी द्यायचे आणि मान खाली घालायचे. मला माझी जागा परत हवी होती, आणि आत्यांना तिथून उठवायचं होतं. त्यापुढचं काही मला सुचतच नव्हतं.

नवऱ्याला सांगायला बरेच महिने गेले. एका दुपारी सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मंग दवाखान्यात जायाचं. त्यात काय एवढं?" एवढं काय आहे ते त्याला नीट कळलं नव्हतं, पण पुण्याच्या गाडीत तो माझ्याबरोबर बसला, आणि मोठ्या दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर, सगळ्या बायाच बाया असताना, उठला नाही. त्याबद्दल मी त्याचे पुढचे कितीतरी अपराध माफ केले.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं की शौचाची जागा आवळून धरणारं स्नायूचं कडंच तुटलं आहे. ते पुन्हा शिवावं लागेल. शिवलं. त्यानंतरचे दिवस पातळ खिचडी, इसबगोल आणि कपडे धुवायच्या टबात कोमट पाणी घालून त्यात बसणं यात गेले. मला वाटलं, आता झालं. तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ऑपरेशननं अर्धंच काम झालंय. उरलेलं व्यायामानं होणार, आणि ते तुम्हालाच करायचंय."

व्यायाम शिकवणाऱ्या बाई वेगळ्या होत्या. कडक इस्त्रीची सुती साडी आणि शाळेतल्या बाईंचा आवाज. म्हणाल्या, "चारचौघांत बसलात आणि वारा सुटायला आला, तर कसं धरता? तसं खालचं सगळं आत आणि वर ओढून घ्यायचं. थोडं धरायचं. मग सावकाश सोडायचं."

मी म्हटलं, "बाई, ते येत नाही म्हणूनच तर आले."

त्या हसल्या, पण पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगितलं.

कष्टाला मी कधी मागे हटले नव्हते. घरी येऊन मी सांगितल्याच्या दुप्पट व्यायाम केला. भाकरी थापताना, धार काढताना, पोरीला पाजताना. दात आवळून, तोंड लाल करून. नवरा विचारायचा, "आज कशाचा राग आलाय?" मी म्हणायचे, "कशाचा नाही, व्यायाम चाललाय." तो बाहेर जायचा. महिने गेले. फरक तर पडला नाहीच, उलट खाली जड जड वाटू लागलं. आपलं शरीरच कामचोर आहे असं मला वाटायला लागलं. मी त्याला मनातल्या मनात शिव्याही दिल्या.

पुढच्या खेपेला बाईंनी हातमोजा घालून तपासलं. दुसरा हात माझ्या पोटावर ठेवला. "आता धरा." मी जीव खाऊन धरलं.

"अहो, तुम्ही वर ओढत नाही. खाली ढकलताय."

मला रडूच यायचं, पण त्याआधी राग आला. एवढे महिने घाम गाळला तो उलट्या दिशेनं? बाईंना माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं. त्यांनी विचारलं, "घरी वजन उचलता का? कसं उचलता ते दाखवा बरं. उचलू नका, नुसतं दाखवा." कोपऱ्यात पाण्याची बादली होती. मी तिच्यापाशी पाय रोवले, पोट आवळलं, दम कोंडला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "हे कुणी शिकवलं?"

कुणी म्हणजे काय, आईनं. लहानपणी पहिला गवताचा भारा डोक्यावर घेताना आई म्हणाली होती, दम धर, मग उचल. आमच्याकडच्या सगळ्या पोरी असंच शिकतात. पाण्याचा हंडा, शेणाची पाटी, कांद्याची गोणी, सगळं दम धरून. त्यामुळे जोर लावायचा म्हटला की माझं शरीर आधी दम कोंडणार, आणि कोंडलेल्या दमाचा सगळा भार खाली नव्या शिवणीवर येणार. माझी मेहनतच माझ्यावर उलटली होती.

बाई म्हणाल्या, "स्वयंपाक चुलीवर करता ना? मग फुंकणीनं जाळ फुंकता तसं फुंका. आणि फुंकता फुंकता वर ओढा."

मी पुन्हा तपासायच्या टेबलावर आडवी झाले, मुठीची नळी केली आणि फुंकलं. आत कुठेतरी काहीतरी हललं. अगदी एवढंसं, पण वरच्या दिशेनं. "हे," बाई म्हणाल्या, "हेच." तिथे त्या टेबलावर पडल्या पडल्या मी रडले, आणि बाईंनी मला रडू दिलं.

त्या वर्षी आमच्या घरी गॅस आला. मी चूल सोडली नाही. आत्या कुरकुरल्या, "दारात सिलिंडर अन् ही बसलीया धूर खात." मी फुंकणी घेऊन फुंकत राहिले आणि वर ओढत राहिले. कधी जमायचं, कधी नाही. सर्दी झाली की केलेलं सगळं वाया गेल्यासारखं व्हायचं, मग दोन दिवस मी कुणाशी धड बोलत नसे. तिसऱ्या दिवशी पुन्हा चुलीपुढे. हळूहळू फुंकणीशिवाय जमू लागलं. पुढे वजन उचलायची परवानगी मिळाली, तेव्हा कळशी उचलतानाही मी श्वास सोडत उचलू लागले. इतक्या वर्षांची सवय मोडताना सुरुवातीला हसू यायचं, कारण तोंडातून आवाज निघायचा तो म्हशीच्या फुरफुरण्यासारखा.

एकदा माहेरी निघाले होते. मंचरवरून घोडेगावला जाणारी एस.टी., खचाखच भरलेली, शेजारी पांढऱ्या टोपीचे वयस्कर गृहस्थ. रस्त्यात खड्डे, आणि नेमका तेव्हाच पोटात वारा फिरला. पूर्वी मला तो आल्याचं कळायचंही नाही. आता कळलं. मी श्वास सोडला, वर ओढलं, धरलं. खड्डा आला तरी धरलं. सुटलं नाही. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. ते गृहस्थ घाबरले. "ताई, बरं वाटत न्हाई का?"

"लई बरं वाटतंय," मी म्हटलं.

स्टँडवर उतरले, मागच्या भिंतीपाशी गेले आणि माझ्या मर्जीनं सोडला. एवढ्याशा गोष्टीनं जग जिंकल्यासारखं वाटणारी बाई त्या दिवशी आख्ख्या तालुक्यात मी एकटीच असेन.

मधली एक लागवडही आत्यांनीच काढली होती. त्यानंतरची आली. सकाळी आत्या पदर खोचून निघायच्या बेतात होत्या. मी म्हटलं, "आत्या, आज मी जाते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "जमंल?"

"जमेल."

त्यांना किती माहीत होतं हे मला आजही सांगता येत नाही. ऑपरेशन कसलं, हे मी त्यांना नीट सांगितलंच नव्हतं. पण माझ्या साड्या घरच्याच दोरीवर वाळत होत्या. त्यांनी पदर सोडला आणि पोरीला मांडीवर घेतलं.

वावर घरामागेच, चुलत सासऱ्यांचं. मी ओळीत बसले तशा बाया जरा गप्प झाल्या. पूर्वी सरकून बसलेली बाई शेजारीच होती. मी रोपांची जुडी घेतली आणि लावायला लागले. मग जाऊबाईंना राहवलं नाही. त्यांच्या घरी नुकताच फोन आला होता. "काल जुन्नरच्या सायबाचा फोन आला, तर आमचं येडं टोपी काढून उभं राह्यलं. म्या म्हणलं, बसा की, त्यो काय बघतोय व्हय? तर म्हणतंय, बसल्याला आवाज वळखू येतो."

सगळी ओळ फुटली. मी मात्र सवयीनं ओठ दाबले, कारण इतके दिवस मी हसू असंच गिळत आले होते. मग म्हटलं, मरू दे. आणि मी हसले. दाबून नाही, तोंडावर पदर धरून नाही, डोकं मागे टाकून हसले. हसता हसता शिंक आली, लागोपाठ दुसरी आली. आणि काहीही झालं नाही. मी कोरडी होते तशीच कोरडी राहिले. ते लक्षात आलं तेव्हा मला आणखी हसू आलं, इतकं की जाऊबाई म्हणाल्या, "अगं, एवढं बी काय न्हाई त्यात."

भाकरीच्या वेळेला शेजारची ती बाई बांधावर माझ्याजवळ आली. "तुला काय झालं व्हतं गं?" मी आवाज न दबवता सांगितलं, फाटण्यापासून फुंकणीपर्यंत सगळं. ती आपल्या भाकरीकडे बघत म्हणाली, "माजं अंग भाईर येतं. धाकट्याच्या टायमापासनं." मी म्हटलं, पुण्याला मी तुझ्याबरोबर येते. आणि पुढे गेलेही.

संध्याकाळी घरी आले तेव्हा आत्या ओट्यावर पाय पसरून बसल्या होत्या. मी हातपाय धुतले, त्यांच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "आत्या, आज मी हसले."

"म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "हितवर आवाज आला. उद्यापासनं तूच जा."